पाचट पेटवायच्या आधी आम्हाला एक हाक मारा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

साखर कारखाने सुरू झाले की कृष्णाकाठाला धूर दिसायला लागतो. उगार, शेडबाळ, कागवाड, खाली रायबागपर्यंत हेच. ऊसतोडीची टोळी फडातनं बाहेर पडली की एक-दोन दिवसात पाचटाला, म्हणजे रानात राहिलेल्या उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी लागते. आणि तिथनं तास-दीड तासावर, अथणीच्या पूर्वेला तेलसंगच्या बाजूला किंवा पलीकडं जतच्या हद्दीला, जिथं अजून कॅनॉलचं पाणी पोचलं नाही त्या रानात त्याच दिवसांत आमचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, ओलीसाठी तडफडत असतो. एकीकडं झाकायचं सामान जळतंय आणि दुसरीकडं जमीन उघडी पडलीय, ह्यावर कुणी काही बोलत नाही म्हणून हे पत्र.

शाळवाचं गणित साधं हाय. परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि पुढं जमिनीत जी ओल मुरलीय तिच्यावरच काढायचं, वरनं पाणी येईल ही आशाच नाही. पीक पोटरीत येईपर्यंत झकास दिसतं, बांधावर उभं राहून लोक यंदा बरं हाय म्हणतात, आणि मग डिसेंबरात नेमकं कणीस निसवायच्या वक्ताला काळी जमीन उलायला लागते. भेग पडली की ओल नुसती वरच्या थरातनं जात नाही, हातभर खालची पण त्या भेगेतनं उडून जाते. दाणा भरायलाच पाणी राहत नाही, कणीस मोठं दिसतं पण हातात घेतलं की हलकं.

ह्यावरचा जुना उपाय म्हणजे कोळपणी, पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं हलवायची. तिसऱ्या आठवड्यात एक, पाचव्यात एक, आठव्यात दातेरी कोळप्यानं एक, म्हणजे वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते उगाच नाही. 1933 साली सोलापूरला आणि विजापूरला कोरडवाहू संशोधन केंद्रं सुरू झाली, तेव्हा सोलापूर, विजापूर आणि आमची अथणी मुंबई इलाख्यातच होती. ओल कशी धरायची ह्याच्यावर तिथं तेव्हापासनं काम चाललंय आणि कोळपणीच्या जोडीला रान काडीकचऱ्यानं झाका, हेक्टरी 5 टन, म्हणजे एकरी 2 टन, ही शिफारस काय आजची नाही. आमच्या दोन्ही बाजूला दोन केंद्रं, आणि मधी आम्ही तसेच.

तसेच का, तर झाकायला घालायचं काय हो? सल्ला देणारे सांगतात पिकाचे अवशेष रानात ठेवा. कडबा ठेवू? शाळू आम्ही निम्मा कडब्यासाठीच पेरतो, मालदांडीचा कडबा म्हणजे जनावरांची वर्षाची बेगमी. तुरीच्या काट्या चुलीला जातात, हरभऱ्याचं भुसकट म्हशीला. मल्चिंग पेपर ड्रिपवाल्या टोमॅटो-मिरचीला ठीक, ज्वारीला कुणाच्या खिशाला परवडतोय तो. कोरडवाहू माणसाच्या घरात फालतू काडी म्हणून नसतेच, हे फाइलीत बसत नाही.

उसाचं तसं नाही. हिरवं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, जनावर खातं, ते टोळीवाले विकतात पण. वाळकं पाचट जनावर तोंडात धरत नाही. एका एकर उसातनं 3-4 टन पाचट निघतं, म्हणजे आमचं दीड-दोन एकर रान झाकून होतं. आणि वेळ पण बरोबर जुळते, ऊस नोव्हेंबरात तुटायला लागतो आणि आमची दुसरी कोळपणी त्याच्या आसपास उरकते, त्याच्यानंतर दोन ओळींच्या मधी अंथरलं की झालं. आमच्या शेजारच्या रानात एका पट्टीला घातलं होतं, जानेवारीच्या दुपारी पाचट उचलून बघितलं तर खालची माती बोटाला गार आणि ओलसर लागली, मुठीत दाबली तर ढेकूळ झालं, गांडुळाची विष्ठा पण दिसली. चार पावलावर उघड्या पट्टीत भेगेत मनगटापर्यंत हात जात होता. तण तर त्या पट्टीत जवळजवळ नव्हतंच, बायकांची एक भांगलण वाचली, आणि मजुरीचे दर बघता तेवढंच काय कमी हाय.

अडचणी नाहीत असं नाही. वाळवी येते, उंदीर वाढतात, कुणी बिडी टाकली की सगळं रान पेटायची भीती. बुंध्याला लावून गच्च घालू नये, थोडं अंतर सोडावं. पुढच्या वर्षी पेरणीला कुरीत अडकतं अशी पण तक्रार असते, पण पावसाळा अंगावरनं गेला की बरंचसं कुजून भुगा होतो. कच्चं पाचट तसंच नांगरून गाडू मात्र नका, कुजताना ते जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं, गाडायचंच असेल तर थोडा युरिया आणि शेणखत टाकून. आणि हे सगळं आमच्या कमी पावसाच्या भागाचं हं, खानापूरच्या भातवाल्यांनी ह्यात पडायचं कारण नाही.

ऊसवाल्या भावांना पण एक सांगतो, राग मानू नका. खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यातनं येणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर पाचट कुणाला देऊ पण नका, सरीतच ठेवा, तुमचंच पाणी आणि खत वाचेल. पण खोडवा मोडून रान मोकळं करायचंय म्हणून जे पेटवतात त्यांनी काडी लावायच्या आधी सांगावं. न्यायला माणसं आमची.

खरा प्रश्न गाडीभाड्याचा हाय. सुटं पाचट फुगीर, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही आणि डिझेल तेवढंच. बेलरनं गाठी बांधल्या तर परवडेल, पण आमच्यातल्या कुणी एकट्यानं बेलर घ्यायचा म्हणजे जमीनच विकावी लागेल. आमच्या कर्नाटक राज्यात कृषी यंत्रधारे योजनेखाली होबळीला, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटाला, भाड्यानं औजारं द्यायची सोय हाय, त्यात नदीकाठच्या होबळ्यांना हंगामापुरता तरी बेलर ठेवावा, आणि कोरडवाहू गावांनी नावं नोंदवली तर वाहतुकीला थोडं अनुदान द्यावं. जाळू नका म्हणून बोर्ड लावण्यात जो पैसा जातो त्यातनं पण बऱ्याच खेपा होतील. साखर कारखान्यांच्या शेती खात्याकडं कुठल्या गावात कधी तोड हाय त्याची यादी असतेच, ती ग्रामपंचायतीत आठ दिवस आधी लावली तरी आमच्यातली पाच-सहा पोरं ट्रॅक्टर घेऊन यायला तयार हायत, फक्त भाडं कुणी किती सोसायचं ते आधी बोलून घ्यावं, नंतर बांधावर वाद नको.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी, ता. अथणी, जि. बेळगाव