पेटी पुन्हा वाजली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री देवळात पेटी वाजली. नवी नाही, आपली जुनीच. मे 2021 च्या तौक्ते वादळात देवळाचे पत्रे उडाले आणि ती रात्रभर भिजली, हे तुला ठाऊक आहेच. भात्याला बुरशी आली होती, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, नवी घ्या, स्वस्त पडेल. कुणाचं मन होईना. शेवटी यंदा वर्गणी काढली. भाता नवा घातला, चार सूर बदलले. बाकीचे सूर पितळेचे, नुसते हिरवट पडले होते. ते घासून-पुसून परत बसवले.

तू परवा फोनवर विचारलंस, आपलं भजनी मंडळ नेमकं सुरू कसं झालं? ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून हे पत्र.

सुरुवात गावात नाही झाली, मुंबईत लालबागच्या खोलीत झाली. आपल्या आजोबांच्या वेळची गोष्ट. एका खोलीत गावचे वीसेक पुरुष, तीन पाळ्यांत विभागलेले. एक उठायचा तेव्हा दुसरा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. शनिवारी रात्री मात्र सगळे जमून भजन म्हणत. पेटी त्यांनी पगारातून आणे-रुपये बाजूला काढून घेतली. तेव्हा आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, 1940 पासून थेट 1971 पर्यंत. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसांना तिच्याच सुरावर गळा मोकळा करता येत होता.

शिमग्याला बोटीने ती गावी आली. बंदरात पडावात उतरताना आजोबा ओरडले होते, "आधी पेटी काढा रे, माणसां मागसून!"

तरी तेव्हाही मंडळ गावात नांदत होतं ते फक्त सणापुरतं. चाकरमानी आले की भजन, ते गेले की पेटी माळ्यावर. ते बाराही महिन्यांचं झालं ते गिरणी संपानंतर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्या थांबल्या, जवळजवळ अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यांतली कितीतरी पुन्हा आत गेलीच नाहीत. माझे बाबा त्या पावसाळ्यात ट्रंक घेऊन आले. तुझेही आले. वीस वर्षं माग चालवलेल्या हातांना इथे काम नव्हतं. पडवीत बसून पावसाकडे बघत राहायचे. तेव्हा मंडळाचे मुख्य गायक, आपले बुवा, यांनी रोज दिवेलागणीला एकेकाच्या दारात जाऊन हाक मारायला सुरुवात केली. कुणाला टाळ दिले, कुणाला कोरसात बसवलं. आई अजून सांगते, "घरात तोंड उघडूक नाय, पण गजराक तेचो आवाज व्हाळापर्यंत येय."

मित्रा, मला आपल्या मंडळाचा अभिमान आहे तो याच्यासाठी. बक्षिसं नंतरची. त्या वर्षी बुवांनी ती माणसं धरून ठेवली.

मला पखवाज बुवांनीच शिकवला. डाव्या तोंडाला कणीक लावायची, ती किती सैल मळायची, पावसात चामडं उतरलं की चुलीच्या उबेला किती वेळ धरायचं, हे आधी. बोल नंतर. घरात गहू सणालाच यायचे, तरी आई पखवाजापुरती मूठभर कणीक डब्यात राखून ठेवायची. गणपतीत रात्री घरोघरी फिरायचो ते आठवतं? शेवटच्या घरी उसळ-पाव येईपर्यंत तू झांज मांडीवर घेऊन झोपलेला असायचास.

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. पोरं गेली, मंडळ पुन्हा निम्मं झालं.

आता जी मुलं आहेत त्यांना डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, हवी. मी विरोधात नाही. समोरच्या बुवाच्या प्रश्नाला गाण्यातून उत्तर द्यायचं तर पाठांतर लागतं, हजरजबाबीपणा लागतो. पण रूपाचा अभंग, देवाच्या रूपाचं वर्णन करणारा, घाईत उरकून टोमण्यांवर यायचं, हे मला सलतं. काल मी त्यांना तसं सांगितलं. एक जण रुसला. दुसरा मात्र थांबला आणि रूपाचा अभंग पहिल्यापासून शिकवा म्हणाला.

काल बुवांना दोघांनी धरून देवळात आणलं. पूर्वी ते पांढरी चारमध्ये गायचे, आता काळी एकला, खालच्या पट्टीत, उतरलेत. नमन त्यांनीच घेतलं. दुसऱ्या ओळीला दम पुरेना, तेव्हा मागून कोरसाने उचललं आणि त्यांनी डोळे मिटून नुसती मान हलवली.

तुझी झांज काकींनी माळ्यावरून काढून दिली. चिंचेने घासून ठेवली आहे. गणपतीला सुट्टी कमी असली तर आदल्या रात्रीच्या गाडीने ये, पण पहिल्या दिवशीचं भजन चुकवू नकोस. बुवांनी दोनदा विचारलं, झांजवाला कधी येतोय?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पखवाजवाला