आई, चिंचोके पाठवू नकोस

नेरूळ, रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि. (शाळेत घोकलेलं अजून येतं बघा)

गुरुवारी फोनवर आई तू म्हणालीस की आजी-आजोबा धडधाकट असताना नात पाळणाघरात, गावात लोकांना काय तोंड दाखवायचं, आणि खटकन फोन ठेवलास. नंतर मी दोनदा लावला तर बाबांनी उचलला आणि म्हणाले "ती झोपली". संध्याकाळी साडेसात वाजता. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर बाबा अर्ध्यात सोडतात आणि तू फक्त शेवटची ओळ वाचतेस, म्हणून ऑफिसात प्रिंट काढून पोस्टाने पाठवतोय, चिपळूणला पोचेपर्यंत तुझा राग अर्धा तरी उतरलेला असेल.

पहिलं सांगतो, ह्यात तुझ्या सुनेचा काही हात नाही, खूळ माझं आहे. उलट ती म्हणत होती आईंना बोलावूया. तिची सव्वीस आठवड्यांची रजा संपली, वर साठलेली रजा पण संपली, आता ऐरोलीला रोज जायलाच लागणार. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसने पाळणाघराची सोय करायची असते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येता येतं. तिच्या ऑफिसनेही सोय केलीय म्हणा, तिकडे महापेला कुठल्यातरी पाळणाघराशी टाय-अप आहे, म्हणजे चिमीला घेऊन सकाळी ठाण्याच्या गाडीत घुसायचं, मग रिक्षा, तिला सोडायचं, मग परत रिक्षा. चार वेळा जाऊन यायचं म्हटलं तर दिवसभर ती रिक्षातच. कागदावर मात्र सगळं झकास.

तर आमच्या ए विंगच्या जिन्याला लागून ती खोली आहे ना, बाबा मागच्या वर्षी छत्री शोधायला गेले होते आणि गणपतीच्या मखराखाली मांजरीची पिल्लं सापडली होती, ती. तिथेच पाळणाघर केलंय. सोसायटीत तीन वर्षांखालची अकरा पोरं निघाली, आम्हाला तर माहितीच नव्हतं, लिफ्ट नाही म्हणून जो तो आपल्या मजल्यावर. सहा रविवार लागले. आधी भंगार काढलं, तुटका कॅरम, कोणाच्यातरी मुलाची सायकल जो मुलगा आता कॅनडात आहे, फाटके लाऊडस्पीकर, सगळं विकून ३,८६० रुपये आले आणि त्यातले दोनशे लगेच वडापावावर गेले. मग उत्साहाच्या भरात आम्ही रंग लावला. बाबा, हसू नका. पिवळा रंग, एका दिवसात दोन हात, सगळ्यांनी फोटो काढले, आणि दुसऱ्या रविवारी येऊन बघतो तर मागच्या भिंतीला हे एवढाले पोपडे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची लाइन गळत होती. सी विंगमध्ये एक सिव्हिल इंजिनिअर राहतात, ते तेव्हा उगवले आणि म्हणाले आधी गळती मग रंग, हे तर शेंबडं पोर सांगेल. तुम्ही असता तर हेच म्हणाला असता आणि वर अजून चार शब्द. परत खरवडलं, वरचा पाइप बदलला, भिंत वाळायला दोन आठवडे सोडली, इथे खाडीची हवा त्यामुळे वाळता वाळत नाही, आणि मग प्लास्टर.

रंगावरून अजून एक झालं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी माळ्यावरून ऑइल पेंटचे दोन जुने डबे आणून दिले, म्हणे खिडक्यांना लावा, फुकट आहे. तर आमची डॉक्टर (तिसरा मजला, तिचा स्वतःचा मुलगा दीड वर्षाचा) म्हणाली अजिबात नाही, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं आणि पोरं खिडकी चाटतात, ते मेंदूवर जातं. आता दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, तो नियम पण २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार. बरं नुसते डबे परत देऊन भागेना, खिडक्यांवरचा जुना रंग पण काढायचा होता. तो कोरडा घासायचा नाही, धूळ उडते, म्हणून पाणी मारून मारून ओल्या पॉलिश पेपरने घासला. तोंडाला मास्क लावून मी दोन खिडक्या केल्या, खांदा अजून दुखतोय. आजोबा रागावले ते रागावलेच, जिन्यात भेटले तरी बोलत नाहीत, आणि दुपारी पोरं रडली तर कमिटीला पत्र देणार म्हणतात.

वायरिंग रेल्वेच्या सिग्नलमधून रिटायर झालेल्या काकांनी केलं. सगळे प्लग पाच फुटांवर घेतले, करंट गळला की क्षणात बंद पडतं ते आरसीसीबी बसवलं, आणि टेस्ट करताना माझ्याकडे टॉर्च देऊन मला असे ओरडत होते की मला वागळे इस्टेटमधले तुम्ही आठवलात बाबा. त्या वयाच्या माणसांना टॉर्च धरणारा कधीच आवडत नाही.

हे सगळं फुकटात झालं. हौसेने झालं. पण खरी भांडणं पुढे झाली, आणि आई, इथून पुढचं नीट वाच.

मीटिंगमध्ये विषय निघाला की पोरं सांभाळणार कोण. तर एक जण म्हणाले, अहो आपल्या सोसायटीत आठ-दहा आज्या आहेत, दिवसभर टीव्हीच बघतात, आळीपाळीने बसतील, सेवा म्हणून, त्यांचाही वेळ जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला एकदम तुझी ती काळी बॅग दिसली. लोकमान्य नगरची अंगणवाडी, ते रजिस्टरांचे गठ्ठे, वजनकाटा खांद्याला अडकवून तू चाळीत फिरायचीस, पोलिओच्या रविवारी डोसांचा निळा डबा घेऊन उन्हात, आणि मी मागे मागे. चाळीस पोरं होती तुझ्याकडे, त्यांची खिचडी, त्यांच्या नाकातला शेंबूड, त्यांच्या आयांची रडगाणी. आणि महिन्याच्या शेवटी जे यायचं, तेही वेळेवर नाही, त्याला पगार म्हणायचे नाहीत, मानधन म्हणायचे. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं मानधन म्हणजे काय, तर बाबा म्हणाले, मान जास्त आणि धन कमी. मोर्च्याला तू आझाद मैदानात गेलीस की त्या दिवशी बाबा पिठलं करायचे.

तर मी उभा राहिलो आणि म्हणालो, भिंत मी फुकट रंगवीन, हवं तर परत रंगवीन, पण मुलं सांभाळायचं काम कोणी फुकट करणार नाही. आवाज जरा चढला. कोणीतरी म्हणालं पूर्वी सरकारी पाळणाघराच्या योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस एवढंच असायचं, आपली तर अकराच, एक बाई पुरे. त्यावर तुझी सून म्हणाली, या शनिवारी अकरा जणांना घेऊन तुम्ही एकटे दोन तास बसून दाखवा, त्यातली दोन लंगोटातली. तो मुद्दा तिथेच संपला. दोन मावशी ठेवल्यात, एक जुईनगरची, आधी एका पाळणाघरात होती, दुसरी नवीन आहे पण हात फार प्रेमळ. पगार, महिन्याला चार सुट्ट्या, आजारी पडली तर पैसे कापायचे नाहीत, सगळं कागदावर. बी विंगची बँकेतली ताई एक तारखेला खात्यात टाकते.

म्हणून तुला बोलावलं नाही. कळलं का? तू साखरेच्या गोळ्या घेऊन आणि बाबा तो गुडघा घेऊन सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या पोरीच्या मागे धावणार, आणि तुला मी काय देणार, मानधन पण नाही. आजी म्हणून ये ना. दुपारी दीड वाजता तिच्या शेजारी आडवी हो आणि चार वाजता मावशीकडे सोड, आणि आपली भाजी निवडत बस.

दुसरं भांडण अजून मोठं. आपल्या बिल्डिंगमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या मावशींची दोन पोरं दिवसभर जिन्यात बसलेली असतात, तू बघितलंयस, मोठी धाकट्याला धरून. मी म्हटलं ह्यांनाही घेऊ, कमी फीमध्ये. तर खोलीत असा सन्नाटा. मग एकेक सुरू, इन्फेक्शन, भाषा, सवयी, आणि एक मॅडम म्हणाल्या "मला काही नाही हो, पण बाकीचे काय म्हणतील". बाकीचे म्हणजे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला ना तुझी ती बोर्डीची गोष्ट आठवली. तू आम्हाला झोपताना राजाराणीच्या ऐवजी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ऐकवायचीस, कंटाळा यायचा तेव्हा. १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली, आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ह्या बायकाच बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, म्हणून अंगणवाडी. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेव्हा ते सगळं आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ ला वेगळा झाला. तर मी ही गोष्ट मीटिंगमध्ये सांगितली, थोडी अडखळत, आणि म्हटलं इथे तर पोरं आपल्याच जिन्यात बसलीयत, आपल्याला कुठे जायचं पण नाहीये. सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. मतदान झालं, सहा विरुद्ध पाच, आणि एका घराने आपलं नाव काढून घेतलं. म्हणजे दहा अधिक दोन, बारा. मोठी साडेतीनची आहे, आल्या आल्या तिने सगळ्यांचे चपलांचे जोड लावून ठेवले.

चिमी पहिले तीन दिवस रडली, खोटं सांगत नाही. चौथ्या दिवशी मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो तर ती त्या धाकट्याची बिस्किटं खात होती.

आता कामाचं. आई, तू कोसबाडला ट्रेनिंगला गेली होतीस तेव्हाची वही आहे ना ट्रंकेत, बडबडगीतांची, बिया आणि शिंपल्यांचे खेळ लिहिलेली, ती आण. पण चिंचोके पाठवू नकोस. मला माहितीये तू बरणीभर वाळवून ठेवले असशील. डॉक्टर म्हणते तीन वर्षांखाली टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्यातून जे आत जातं ते सगळं घशात अडकू शकतं, चिंचोके, सागरगोटे, मणी, सगळं बाद. तू म्हणशील माझ्या चाळीस पोरांतलं एकही अडकलं नाही. तुझी नजर होती गं. साडेतीनवाल्या पोरीसाठी मूठभर आण हवं तर, ते वरच्या फळीवर ठेवू.

बाबा, तुमच्याकडे वेगळं काम आहे. पाळणाघराला आपल्या गावच्या घरासारखं अर्धं दार पाहिजे, म्हणजे हवा येते, मावशीला बाहेरचं दिसतं आणि पोरं जिन्यात पळत नाहीत. इथला सुतार म्हणतो सनमायकाचं पूर्ण दार घ्या, त्यालाच कापून देतो. मला ते पटत नाही. चौकट साडेबत्तीस इंच आहे, मी तीनदा मोजली, तुम्ही येऊन चौथ्यांदा मोजालच. कडी बाहेरून आणि वर, पोरांचा हात पोचता कामा नये, आणि बिजागरीत बोटं चेमटू नयेत म्हणून काय करायचं ते तुम्ही सांगा, मी गुगल केलं, काही कळलं नाही. तुमचा छोटा रंधा आणा, इथे कोणाकडे नाही.

गाडीने या, पनवेलला उतरा, पुढे ठाण्यापर्यंत जाऊ नका, मी पनवेलला येतो. वरच्या पायऱ्यांचं टेन्शन घेऊ नका, आपण दुसऱ्याच मजल्यावर आहोत आणि काका लोकांनी कठड्याला पाइप लावून घेतलाय. आई, फोन उचल.

तुमचा,
बाळ्या

ता. क. बाबा, रंधा बॅगेत नीट गुंडाळा, मागच्या वेळी आंब्याच्या पेटीत टाकला होतात.