कॅमरन घराण्याचे कागद वाचायला शिकवल्याबद्दल ताई, मनापासून थँक्यू

नमस्कार ताई,

हे तुम्हाला मेसेज करूनही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय कारण इकडे नॉर्थ कॅरोलिनात, रॅले-डरहममध्ये आपली एवढी मराठी माणसं राहतात आणि चॅपल हिलच्या विद्यापीठाच्या विल्सन लायब्ररीत कॅमरन घराण्याचे जुने कागद ठेवलेत हे फार कमी जणांना माहिती असेल.

मुलाला घेऊन डरहमजवळचा स्टॅगव्हिल हा गुलामगिरीच्या काळातला जुना मळा बघायला गेले होते. तिथे हॉर्टन ग्रोव्हमधली गुलामांची घरं अजून उभी आहेत, त्यांच्या धुराड्यांच्या विटांमध्ये वीट पाडणाऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेत. ते बघितल्यावर ही माणसं कोण होती हे शोधल्याशिवाय मला राहवेना, आणि त्यांची नावं सापडणार ती त्यांच्या मालकांच्या, म्हणजे कॅमरन घराण्याच्याच कागदांत. डंकन कॅमरन हा हिल्सबरोचा वकील, पुढे जज झाला, मग बँकेचा प्रेसिडेंट. 1803 मध्ये त्याने रेबेका बेनेहनशी लग्न केलं, तिचे वडील रिचर्ड बेनेहन स्टॅगव्हिलचे जमीनदार, आणि त्या एका सोयरिकीतून इस्टेट वाढत वाढत 1860 पर्यंत साधारण 30,000 एकर जमीन आणि जवळपास 900 गुलाम माणसं एवढी झाली.

कागद समोर आले आणि मला एक ओळ धड लागेना. तुम्ही पुण्यात मोडी वाचलेली, तुम्ही म्हणालात आधी मजकूर सोड, लिहिणाऱ्याच्या अक्षराचं वळण बघ, तो 'एस' कसा काढतो ते बघ, कारण त्या काळचा लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसतो. शेजारी बसून, पेन्सिलीने, एकेक अक्षर काढून दाखवलंत! मग वाचता यायला लागलं.

आणि खरं सांगू, वकिलाच्या पत्रांपेक्षा गुलामांच्या याद्या बघ हे तुम्ही सांगितलंत त्याचे आभार सगळ्यात जास्त. नुसती पहिली नावं, आडनाव नाही, पण जन्माच्या नोंदीत बाळाबरोबर आईचं नाव आहे, त्यावरून आई, लेकरं, नातवंडं अशी घरं जुळवता येतात. ज्यांनी लिहिलं त्यांना फक्त मालमत्तेचा हिशोब ठेवायचा होता. तिथल्याच व्हर्जिल नावाच्या गुलामाबद्दल पण तुमच्याकडूनच कळलं, 1847 मध्ये रेबेकाचा भाऊ थॉमस बेनेहन वारला आणि मृत्युपत्रात व्हर्जिलच्या कुटुंबाला मुक्त केलं, पण मुक्त झालेल्यांनी नॉर्थ कॅरोलिना सोडायचं असा कायदा, म्हणून ते 1848 मध्ये थेट लायबेरियाला गेले. स्वातंत्र्य मिळालं तेही गाव सोडायच्या अटीवर, याचा मला अजून राग येतो.

आता पुढे 1844 बघायचंय. डंकनच्या मुलाने, पॉलने, त्या वर्षी 114 माणसं अलाबामाला हलवली, आणि गुलामी संपल्यावर त्यांच्यातल्याच काहींनी तिथली जमीन विकत घेतली, त्या 114 जणांच्या आया-लेकरं इकडच्या नोंदींत सापडतात का ते बघू. तुम्ही याल ना ताई? डबा मी आणते, फक्त तो आत नेता येत नाही, बाहेर बाकावर बसून खाऊ.