फुलांच्या पठारांचे छायाचित्रण पायवाटेवरूनच व्हावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भाद्रपद सरत आला आणि पावसाने उघडीप दिली, की आपल्या दैनिकात वाचकांनी पाठवलेली कास, मसाई, चाळकेवाडी अशा पठारांची छायाचित्रे दिसू लागतात. मी स्वतः हौशी छायाचित्रकार आहे आणि शरदातील सह्याद्रीचे निसर्गचित्रण हा माझा जुना छंद आहे, त्यामुळे ती छायाचित्रे मी अगत्याने पाहतो. परंतु त्यांतील बरीच फुलांच्या ताटव्यात उतरून घेतलेली असतात, हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळते. कॅमेरा कोणत्या उंचीवर होता, पायवाट कोणत्या बाजूला राहिली, चौकटीच्या कडेला गवत कोणत्या दिशेने दबले आहे, यावरून छायाचित्रकार कोठे उभा होता ते उघड होते. छायाचित्र चांगले यावे म्हणून वाट सोडून आत जावेच लागते, असा समज आमच्या छंदात खोलवर रुजलेला आहे. आज मिळणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणि लेन्सनी या समजाला आधार उरलेला नाही, हे सांगण्यासाठी आणि त्याबाबत आपल्याला व वनविभागाला काही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आम्ही सारे नेमके याच दिवसांत घाटमाथ्याकडे का धावतो, हे आधी सांगायला हवे. चार महिन्यांच्या पावसाने हवेतील धूळ धुऊन निघालेली असते, त्यामुळे दूरच्या डोंगररांगा एकामागे एक वेगळ्या दिसतात. शरदसंपातानंतर, म्हणजे दिवस-रात्र समान झाल्यावर, सूर्य दक्षिणेकडे सरकतो. सातारच्या अक्षांशावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे 72 अंशांवर असतो, तर ऑक्टोबर अखेरीस 58 अंशांच्या आसपास. सावल्या लांबतात, उन्हाला कोन येतो आणि डोंगरांच्या सोंडा उठावदार होतात. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर चढून येतात आणि त्यांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पठारावर फिरतात. पहाटे दऱ्यांत धुके भरलेले असते आणि ऊन वर आले की ते तासाभरात विरून जाते. वर्षातले हे पाच-सहा आठवडे निसर्गचित्रकाराला दुसऱ्या कोणत्याही ऋतूत मिळत नाहीत, आणि नेमके याच आठवड्यांत पठारांवरील बहुतेक वनस्पती फुलून बी धरत असतात. छंदाचा आणि पठाराचा संघर्ष येथे आहे.

कासचे पठार साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटाच्या ज्या 39 स्थळांना युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. जांभ्या दगडाच्या या सड्यावर मातीचा थर फार तर काही सेंटिमीटरचा, कित्येक ठिकाणी बोटाच्या पेराएवढाच असतो. त्या मातीत पोषणद्रव्ये इतकी कमी, की काही वनस्पती कीटक आणि सूक्ष्मजीव पकडून आपली गरज भागवतात. सीतेची आसवे हे त्यांतले प्रसिद्ध नाव. तिचे जांभळे फूल नखाएवढे असते, तिला खरी मुळे नसतात, आणि ओल्या मातीत पसरलेल्या तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांनी ती पाण्यातील जीव ओढून घेते. कातळावर साचलेल्या पाण्याच्या पातळ थरात ती हजारोंनी उभी असते. तेथे बुटाचे एक पाऊल पडले, की फूल मोडते ते दिसते. तंतूंचे जाळे कातळावरून खरवडून निघते ते दिसत नाही. पुढच्या सरीत ती माती वाहून जाते आणि त्या जागी कातळ उघडा पडतो.

गेंद, तेरडा, कवला यांसारख्या अनेक वनस्पती वर्षायू आहेत. जून-जुलैत उगवायचे, शरदात फुलायचे आणि माती वाळण्यापूर्वी बी टाकून संपायचे, एवढाच त्यांचा काळ. अशी वनस्पती ऐन फुलोऱ्यात तुडवली गेली, तर त्या जागेपुरते पुढच्या वर्षीचे बीच नाहीसे होते. कारवीचे तर त्याहून अवघड: ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते. फुललेल्या कारवीत घुसून छायाचित्र घेणारा माणूस सात वर्षांच्या तयारीवर पाय देत असतो. हे वाचून कोणी म्हणेल, की एका माणसाच्या पावलांनी काय होते. सुटीच्या एका दिवशी पठारावर हजारो माणसे येतात, आणि एकाने मोडलेल्या वाटेने दुसरा जातो. दुपारपर्यंत तेथे नवी पायवाट तयार झालेली असते आणि ती ज्या ठिकाणी जाते ते ठिकाण बहुधा छायाचित्रासाठी सर्वांत सोयीचे असते. म्हणजे ही वाट पाडण्यात आम्हा छायाचित्रकारांचा वाटा मोठा आहे.

आता साधनांविषयी. अलीकडे मी पुण्यात भाड्याने मिळणारा एक नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि त्याबरोबर 100 ते 400 मिलिमीटरची झूम लेन्स घेऊन पठारांवर फिरलो. विकत घेण्यापूर्वी वापरून पाहावे एवढाच विचार होता, पण त्या साधनांनी माझी काम करण्याची पद्धतच बदलली. पूर्वी फुलांच्या उंचीवरून दृश्य हवे असेल, तर ओल्या जमिनीवर पालथे पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागे. आता मागचा पडदा बाहेर वळवता येतो. पायवाटेवर उभे राहून कॅमेरा गुडघ्याच्या खाली धरला, की तेच दृश्य पडद्यावर दिसते. सेन्सरच, म्हणजे चित्र टिपणारा भागच, स्थिर ठेवणारी यंत्रणा कॅमेऱ्यात असल्यामुळे पाव सेकंदाचे एक्स्पोजर हातात धरून घेता येते, तेव्हा ट्रायपॉडचे तीन पाय फुलांत रोवण्याची गरज बऱ्याच वेळा उरत नाही. आणि ट्रायपॉड लावायचाच असेल, तर तो पायवाटेच्या रुंदीत मावतो.

सर्वांत जास्त फरक पडला तो लांब लेन्समुळे. निसर्गचित्र म्हणजे वाइड लेन्स, रुंद दृश्य टिपणारी, असे आम्ही सुरुवातीपासून शिकतो आणि वाइड लेन्सचा स्वभावच असा आहे, की तिला समोर काहीतरी अगदी जवळ लागते. त्या हव्यासापोटी माणूस एकेक पाऊल पुढे सरकत फुलांत शिरतो. 300 किंवा 400 मिलिमीटरला मात्र उलट होते. पायवाटेवरून पठाराकडे तिरकस पाहिले, की वीस-तीस मीटरवरची विरळ सोनकीसुद्धा एकावर एक येऊन दाट पिवळा पट्टा होतो, त्यामागे तेरड्याचा गुलाबी, आणि त्याही मागे धुक्यात बुडालेली डोंगरकड. डोळ्यांना जे ताटवे पातळ वाटतात, ते लांब लेन्समध्ये भरून येतात. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स दीडपट लांब असल्यासारखी वागते, त्यामुळे महागडा, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा नसलेल्या तरुण छायाचित्रकाराची या कामात अडचण होत नाही, सोयच होते.

मॅक्रोविषयी, म्हणजे लहान वस्तूंच्या अगदी जवळून घेतलेल्या चित्रांविषयी, थोडे स्पष्टच लिहितो. 100 मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने फुलाचे पूर्ण आकाराचे चित्र घ्यायचे, तर लेन्सचे तोंड फुलापासून वीतभरही लांब राहत नाही. म्हणजे फूल वाटेच्या अगदी कडेला नसेल, तर आत जाणे आलेच. त्याऐवजी लांब लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब किंवा क्लोजअप फिल्टर (लेन्सला अधिक जवळचे टिपू देणारी जोडसाधने) लावला, तर मीटरभरावरूनही नखाएवढ्या फुलाचे समाधानकारक चित्र मिळते. नखाएवढे फूल पानभर छापण्याची ज्याला हौस आहे, त्याचे यावर समाधान होणार नाही, हे मला मान्य आहे. पण पठाराच्या कडेने जाणाऱ्या डांबरी रस्त्यांच्या दुतर्फासुद्धा तीच फुले फुललेली असतात. मॅक्रोचे सारे प्रयोग तेथे करावेत.

आणखी एक साधन मी प्रत्येक नवशिक्या मित्राला आधी घ्यायला सांगतो, ते म्हणजे पोलरायझर, लेन्सपुढे लावायचा एक फिल्टर. पावसाने भिजलेल्या पानांवर आभाळाची चमक येते आणि हिरवा रंग पांढुरका पडतो. हा फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि पानांचा, फुलांचा, जांभ्याचा मूळ रंग वर येतो. कॅमेऱ्याची नवी पिढी घेण्याने जेवढा फरक दिसत नाही, तेवढा यातून दिसतो. बाकी उजेड-अंधाराचा मेळ घालण्याचे काम आजचे सेन्सर आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) इतके चांगले करतात, की आभाळ सांभाळून एकच फ्रेम घेतली, तरी सावलीतले पठार घरी बसून उजळता येते.

ड्रोनचा मोह वाढत आहे, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 2021 च्या ड्रोन नियमांत काही सवलती आहेत. त्याचा अर्थ तो राखीव वनात किंवा अभयारण्यात विनापरवानगी उडवता येतो, असा कित्येक जण सोयीस्करपणे घेतात. तसे नाही. पठारावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, आणि शांततेसाठी दूरवरून आलेली माणसेही आहेत.

वनविभाग आणि स्थानिक गावांच्या समित्या यांना माझी विनंती पहाटेच्या वेळेविषयी आहे. पठारावर वारा बहुधा दिवस चढल्यावर सुटतो. फुले डोलू लागली, की सूक्ष्म फोकसचे किंवा अनेक फ्रेम जोडण्याचे काम अशक्य होते. कोवळे ऊनही सूर्योदयानंतर तासाभरात सरते. प्रवेश सुरू होतो तोवर यातले काहीच उरलेले नसेल, तर गंभीरपणे छंद जोपासणारा छायाचित्रकार आडवाटेने आत शिरतो आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. त्याऐवजी कामाच्या दिवशी, मोजक्या लोकांना, वेगळे शुल्क घेऊन आणि गावातील वाटाड्या बरोबर देऊन सूर्योदयापूर्वी पायवाटेवर प्रवेश द्यावा. शुल्क गावाच्या समितीकडे जावे. वाट सोडणाऱ्याचा प्रवेश त्या हंगामापुरता रद्द करावा. पायवाटेवर दोन-तीन ठिकाणी वळण रुंद करून ट्रायपॉडसाठी जागा केली, तर बाकीच्या पर्यटकांचाही खोळंबा होणार नाही. पायवाटेला कुंपण घालण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि वाटाड्यांकडून फुलांची नावे व त्यांचे दिवस कळतात ते वेगळेच.

शरद फुलांबरोबर संपत नाही, हेही आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे वाटते. ऑक्टोबरच्या मध्यापासून सासवड, जेजुरी, बारामतीकडच्या माळरानांवर कुसळी गवत सोनेरी होते. सकाळच्या तिरप्या उन्हासमोर लांब लेन्स धरली, की प्रत्येक कुसळ वेगळे उजळते, आणि त्यातून मेंढरांचा कळप चालला असेल तर त्या धुळीलाही रंग येतो. सरकारदरबारी ही माळराने बहुधा पडीक म्हणून नोंदलेली असतात. प्रत्यक्षात लांडगा, खोकड आणि माळढोकाच्या एके काळच्या अधिवासाचा हा प्रदेश आहे. पठारांवरील गर्दीचा निम्मा भाग जरी इकडे वळला, तरी दोन्हीकडे फायदा आहे: तिकडचा भार हलका होईल आणि इकडच्या गवताला पाहणारे, म्हणून बोलणारेही, मिळतील. मात्र तेथेही गाडी गवतात घालू नये आणि लांडग्याच्या बिळाचा माग काढू नये.

आपल्याला विनंती छायाचित्रांच्या सदराविषयी आहे. जे छापून येते तेच पुढच्या रविवारी पन्नास जण करू पाहतात, हे आपण जाणताच. म्हणून फुलांत बसलेल्या, लोळलेल्या माणसांची चित्रे, ती कितीही देखणी असली तरी, छापू नयेत. चित्र पाठवणाऱ्याकडून ते पायवाटेवरून घेतल्याचे एका ओळीत लिहून घ्यावे आणि शंका आल्यास मूळ फाइल मागवावी. कंदीलपुष्प, वायतुरा किंवा दुर्मीळ आमरी (ऑर्किड) यांच्या चित्राखाली पठाराचे नाव न देता फक्त तालुका किंवा जिल्हा द्यावा. कंदीलपुष्पाचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि नेमकी जागा कळली की ती उकरणाराच आधी पोहोचतो. मोबाईलने घेतलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, तेव्हा संकेतस्थळावर चित्र टाकण्यापूर्वी ही माहिती आपल्या कार्यालयातच काढून टाकावी. चित्राखाली लेन्सचे नाभीय अंतर छापता आले, तर फार चांगले होईल: '400 मिमी, पायवाटेवरून' एवढे तीन शब्द वाचून नव्या छायाचित्रकाराला कोणत्याही उपदेशाविना कळेल, की असे चित्र बाहेर उभे राहूनही घेता येते.

गणेशोत्सवानंतर आपण दरवर्षीप्रमाणे निसर्गचित्रांसाठी आवाहन प्रसिद्ध कराल. या अटी त्या आवाहनातच घालाव्यात आणि पहिल्या दिवसाच्या चित्रांपासून पाळाव्यात. पहाटेच्या प्रवेशाविषयीचे निवेदन मी वनविभागाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यावर या विषयातील जाणकारांची व पठाराभोवतीच्या ग्रामस्थांची मते आपल्या स्तंभातून आली, तर मला आणि माझ्यासारख्या अनेकांना ती वाचायची आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक हौशी छायाचित्रकार, पुणे