बायपोलर असलेल्या मुलांचे शाळेतले दिवस

महोदय,

किशोरवयात बायपोलर आजाराचे (कधी उन्माद, तर कधी नैराश्य आणणाऱ्या मानसिक आजाराचे) निदान झाले, औषधे लागू पडली, मूल रात्री झोपू लागले की घरचे आणि आम्ही शिक्षकही ‘आता बरे आहे’ म्हणून निश्चिंत होतो. मात्र त्याचे रोजचे जगणे सुसह्य झाले का, याची चौकशी फारशी होत नाही.

माझ्या वर्गातील नववीच्या एका विद्यार्थिनीला या आजारासाठी लिथियम सुरू आहे. या औषधाने तहान वाढते, वारंवार लघवीला जावे लागते, काहींच्या हाताला बारीक कंप सुटतो. तासाच्या मध्येच ती उठली की मागच्या बाकांवर हशा पिकतो, म्हणून तिने पाणी पिणेच कमी केले होते. जतच्या उन्हाळ्यात यात मोठा धोका आहे, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हाताच्या कंपामुळे भूमितीच्या वहीत तिने कंपासने काढलेल्या वर्तुळाची टोके जुळत नाहीत आणि तिचे गुण जातात.

झोपेचेही तसेच आहे. जागरणाने उन्मादाचा झटका परत येऊ शकतो, आणि आपल्याकडे दहावी म्हटली की पहाटेचे जादा तास व रात्रीची अभ्यासिका ठरलेली. या मुलांना त्यातून सूट द्यायलाच हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. तथापि त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल, ही पालकांची भीती (विशेषतः पुढे लग्नाच्या वेळची) मला अनाठायी वाटत नाही. म्हणून बाकावर पाण्याची बाटली, न विचारता बाहेर जाण्याची मुभा आणि घटक चाचणीला थोडा जादा वेळ एवढे तरी मुख्याध्यापकांनी कागदपत्रांची वाट न पाहता, वर्गात वाच्यता न करता द्यावे.

लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी घ्यावे लागते. त्यासाठी या मुलीचे वडील सकाळची गोळी न देता तिला पहाटेच्या एसटीने मिरजेला नेतात. त्या दिवशी तिची शाळा बुडते आणि त्यांची मजुरीही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून हा रक्तनमुना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातच घेऊन पुढे पाठवण्याची सोय जिल्हा प्रशासनाने करावी, ही विनंती.

– एक माध्यमिक शिक्षिका, जत (जि. सांगली)