शाळेतल्या मंडळांना वेळापत्रकात जागा द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : माध्यमिक शाळांतील विद्यार्थी मंडळांसाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेचं विज्ञान मंडळ बघते. आमच्याकडे वाङ्मय मंडळ आहे, हरित सेना आहे, आर.एस.पी.चं म्हणजे रस्ता सुरक्षेचं पथक आहे. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात या मंडळांना जगायला वेळ मिळत नाही. म्हणून विनंती एकच : पाचवी ते नववीच्या वेळापत्रकात आठवड्याला सलग दोन तासिका मंडळांच्या नावे लावा, आणि त्या तासिकांना दुसरं कुठलंही काम चिकटवू देऊ नका.

‘मंडळांचे उपक्रम शालेय वेळेव्यतिरिक्त घ्यावेत’ असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. मुंबईत ही शालेय वेळेव्यतिरिक्तची वेळ कुठून आणायची? आमची इमारत दोन सत्रांत चालते. सकाळचं सत्र सातला भरतं, साडेबाराला सुटतं, आणि त्याच वर्गांत त्याच बाकांवर दुपारचं सत्र बसतं. मधल्या काही मिनिटांत एका जिन्यावरून एकच गर्दी उतरत असते आणि चढत असते. संध्याकाळी सहानंतर शिपाईमामांना कुलूप लावून लांबची लोकल गाठायची असते, त्यांना थांबवणं योग्य नाही.

मुलांचंही तसंच. सातवी-आठवीतल्या कितीतरी मुली शाळा सुटली की बालवाडीतून धाकट्या भावंडाला घेऊन घर गाठतात, पाणी भरतात, आई कामावरून येईपर्यंत भात लावून ठेवतात. काही मुलगे वडिलांच्या गाडीवर किंवा दुकानात मदतीला जातात. ज्यांच्या घरी ऐपत आहे त्यांच्यासाठी बाहेर रोबोटिक्सचे, नाट्याचे, बुद्धिबळाचे वर्ग आहेतच. बाकीच्यांना असं काही मिळणार असेल, तर ते शाळेच्या घंटांच्या मधेच मिळेल. मंडळ शाळेनंतर ठेवलं की ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं आधी गळतात. हे मी दर वर्षी बघते आहे आणि मला ते सहन होत नाही.

मंडळात नेमकं काय घडतं, हे एका उदाहरणाने सांगते. आम्ही गच्चीवर पर्जन्यमापक ठेवतो. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाच्या खोलगट भागात खडे घालून पाणी ओतायचं, जिथे पाणी सपाट होईल तिथे शून्याची रेघ मारायची आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, बाटलीऐवजी पिंप ठेवलं तर पाऊस जास्त भरेल ना?” मी उत्तर दिलं नाही. पुढच्या पावसात मुलांनी बाटलीशेजारी बिस्किटांचा सरळ उभ्या बाजूंचा मोठा पत्र्याचा डबा आणि एक बादली ठेवली. डब्यातल्या पाण्याची उंची जवळजवळ बाटलीएवढीच आली. बादलीत मात्र पाणी जास्त चढलं. आता भांडण लागलं. दोन आठवडे वाद चालला आणि शेवटी मुलांनीच शोधलं की बादली खाली निमुळती असते, तोंडाशी गोळा झालेलं पाणी तळाच्या कमी जागेत उभं राहतं. गणिताच्या तासाला घनफळ शिकवून झालं होतं, पण ते मुलांचं झालं ते या गच्चीवर.

हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. साडेआठला दुपारच्या सत्रातली मुलं घरी असतात. म्हणून सकाळच्या सत्रातला एक मुलगा शिक्षकांना घेऊन गच्चीवर जातो, आकडा प्रयोगशाळेच्या कपाटातल्या वहीत लिहितो आणि दुपारची मुलं त्याचा आलेख काढतात. ही मुलं एकमेकांना जिन्यापलीकडे ओळखत नाहीत, पण वहीच्या समासात एकमेकांना सूचना लिहितात. मग हवामान खात्याच्या सांताक्रूझ आणि कुलाबा केंद्रांच्या आकड्यांशी आपला आकडा ताडून बघतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 100 मिलिमीटरही नव्हता, हे त्यांना सांगितलं की विश्वास बसत नाही. स्वतःच्या वहीतले दोन महिन्यांचे आकडे बघितल्यावर बसतो. आपल्या वस्तीत पाणी का तुंबतं, हा प्रश्न मग कोणी सुचवावा लागत नाही.

हे सगळं आम्ही ऑफ तासात, मधल्या सुट्टीत, कुणी शिक्षक रजेवर असतील तेव्हा करतो. एका तासिकेत गच्चीवर जाऊन खाली येईपर्यंत घंटा होते, म्हणून दोन तासिका सलग हव्यात.

शासनाने काहीच केलेलं नाही, असं मी म्हणत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि सहशालेय उपक्रम यांच्यात भिंत नको असं स्पष्ट लिहिलं आहे, सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. आपल्या विभागाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी कृतीतून शिकण्याचा उपक्रम, आणला, तो मनापासून आवडला. पण दोन्ही गोष्टी आठवीला थांबतात. मंडळ तर नववीच्या मुलांवर चालतं. पाचवीच्या मुलाला पट्टी कशी वाचायची, डोळा पाण्याच्या पातळीला कसा आणायचा, हे नववीतली ताई जितकं छान शिकवते तितकं मला जमत नाही. वाङ्मय मंडळाच्या हस्तलिखित अंकाचं संपादन नववीची मुलं करतात, आणि पाचवीतल्या मुलाची पहिली कविता हातात घेऊन त्याला ‘ही ओळ पुन्हा लिही’ असं सांगतात. नववी वगळली की दर वर्षी मंडळ शून्यापासून उभं करावं लागतं. दहावीचं वर्ष सोडा, ते मला मान्य आहे.

अभ्यास बुडेल अशी भीती मुख्याध्यापकांना आणि पालकांना वाटते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवलं आहे. पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तर वर्षाचे जेमतेम 43 तास होतात. त्याच कायद्याचं कलम 29 कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याबद्दल बोलतं. म्हणजे मी सवलत मागत नाही, कायद्यात आहे तेच वेळापत्रकात उतरवा म्हणते.

आता अहवालांबद्दल. अमुक दिन साजरा करा, छायाचित्रं अपलोड करा, लिंक भरा, आजच भरा. असा संदेश आला की पहिला बळी मंडळाचा जातो. फलक धरून मुलं उभी केली जातात, फोटो निघतो, मुलं वर्गात परततात. हात जोडून सांगते, मंडळाच्या कामाचे फोटो मागू नका. मुलांनी लिहिलेली वही शाळेत राहू द्या. विस्तार अधिकारी आले की ती वाचू दे, मुलांशी बोलू दे. काम झालं की नाही, ते पाच मिनिटांत कळतं.

पैशाचा प्रश्न छोटा आहे, पण आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून युवा व इको क्लबसाठी निधी मिळतो तो सरकारी शाळांना. मुंबईतली हजारो मराठी मुलं आमच्यासारख्या अनुदानित शाळांत आहेत आणि आमचं वेतनेतर अनुदान वीजबिल आणि खडूतच संपतं. वर्षाला काही हजार रुपये मंडळांच्या नावे वेगळे दिलेत तर कागद, रंग, एखादी दुर्बीण, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रापर्यंतचं बसभाडं एवढं भागतं. निवडणुकीच्या कामाला शिक्षक लागतात, कायद्यातही ते आहे. पण मंडळाचा शिक्षक त्या कामावर गेला तर त्याच्या जागी कोण, हे आदेशातच लिहा.

वेळापत्रकं जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ठरतात. एकदा ती भिंतीवर लागली की वर्षभर कोणी हलवत नाही. त्यामुळे हा शासन निर्णय मे महिन्याच्या आत निघाला तरच येत्या वर्षी उपयोगी पडेल. त्यात ‘शक्य असल्यास’ हे शब्द नकोत, आणि अनुदानित व दोन सत्रांच्या शाळांचा उल्लेख स्पष्ट हवा, एवढं आवर्जून पाहावं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका,
अनुदानित मराठी माध्यमिक शाळा, मुंबई