बाहेरचं बाकडं आणि फॅमिली हॉल

अमळनेर,
२३ नोव्हेंबर

प्रिय वैशू,

तुझ्या धाकट्या दिरांनी नोकरी सोडून पारोळ्यात हॉटेल काढायचं मनावर घेतलंय, आणि "तू तिकडेच आहेस, बँकेत कर्जाच्या टेबलावर आहेस, दुपारची बाहेरच जेवतेस, तेव्हा काय ते खरं खरं कळव" असं तू म्हणालीस. फोनवर हे होण्यातलं नव्हतं. तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या, माझ्याकडे ऑडिट. म्हणून आज रविवार साधून सविस्तर लिहितेय. भाऊजींना वाचायला दे, पण त्यांच्याबद्दलचा मजकूर आधी तू वाच.

अमळनेर तुला ठाऊक आहे ते साने गुरुजींमुळे आणि फार तर २०२४ च्या साहित्य संमेलनामुळे. मला इथे बदलीवर आल्यावर कळलं की हे आधी बाजाराचं गाव आहे. कापूस, दादर म्हणजे इथली ज्वारी, हरभरा, गहू, मका. सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन, एकेकाळी प्रताप मिलचा भोंगा, आणि १९४५ साली इथेच निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो. तेव्हा ती वनस्पती तूप करायची, नाव 'सनफ्लॉवर'. गावात त्या काळी शेअर घेऊन ठेवलेली माणसं पुढे कोट्यधीश झाली, हे तू ऐकलं असशीलच. त्यामुळे हॉटेलात शेजारी धोतर-टोपीतले आजोबा रस्सा ओरपत बसले असले, तर त्यांच्याबद्दल घाईने काही ठरवायचं नाही, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले.

आता हॉटेलं. इथल्या चालत्या हॉटेलात एका छपराखाली दोन हॉटेलं असतात. पुढे रस्त्याकडेला बाकडी, स्टीलचे जग, भिंतीवर देवांची कॅलेंडरं. मागे काचेचं दार, एसी, रेक्झिनचे सोफे आणि वर पाटी 'फॅमिली हॉल'. पुढच्या भागात मार्केट यार्डातली माणसं: माल घेऊन आलेला शेतकरी, त्याचा ट्रॅक्टरवाला, हमाल, आडत्याकडचा दिवाणजी. मागे लग्नाचा वाढदिवस, मुलीचा दहावीचा निकाल, सुरतेहून आलेला भाचा. पुढचं गिऱ्हाईक पोळी-भाकरी आणि रश्श्याचं, मागचं पनीर आणि बटर नानचं. मुदपाकखाना एकच, पण चुली वेगळ्या, माणसं वेगळी, आणि नफ्याचं गणितही वेगळं.

आणि मी बाई असल्यामुळे माझी रवानगी नेहमी मागे! सुरुवातीला एका ठिकाणी (नाव सांगत नाही, आजही रस्त्यात भेटले की नमस्कार करतात) मला एकटीला पाहून पोऱ्याने थेट पडद्याच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं, पडदा ओढला आणि विसरला. पंखा गरगरतोय, बाहेर ताटं वाजतायत, आणि माझा लंच टाइम संपला. नंतर बघितलं तर त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. बाई एकटी जेवायला येते ही गोष्टच त्या जागेच्या हिशेबात नव्हती. आता मी सरळ पुढच्या बाकड्यावर बसते. चार दिवस माना वळल्या, पाचव्या दिवशी गल्ल्यावरचे नानाच म्हणाले, "मॅडमले पंख्याखाले जागा द्या रे." संपलं.

पुढे बसण्याचा खरा फायदा म्हणजे भट्टी समोर दिसते. शेवभाजी तू घरी करून पाहिलीस आणि पिठल्यासारखी झाली, असं म्हणाली होतीस ना? इथला वस्ताद काय करतो ते सांगते. सकाळीच कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तो भाजून, लसूण-आलं-कोथिंबीर आणि काळा मसाला घालून वाटणाचा गोळा तयार असतो. ऑर्डर आली की छोट्या कढईत तेल, आणि तेल म्हणजे तुझ्या-माझ्या घरच्या आठवड्याचं. त्यात वाटण घालून तेल कडेने सुटेपर्यंत परततो, मग उकळतं पाणी. गार पाणी घातलं की तर्री बसते म्हणतात. रस्सा खळखळला की मग ताटलीत शेव घेतो. जाड, तिखट, लसणाची, खास भाजीची शेव, फरसाणातली नव्हे. वर रस्सा ओततो आणि धावत टेबलावर आणतो. पहिला घास कुरकुरीत, मधला बरोबर, शेवटचा मऊ. तू शेव कढईत घालून उकळलीस, मग पिठलंच होणार.

दाम शेवेचे, रस्सा मात्र मागाल तितका. ताटात कांदा, लिंबू, कधी भाजलेला पापड. जवळची माणसं जागेवर बसायच्या आत विचारतात, "आज काय शे?" (शे म्हणजे आहे) आणि पोऱ्या एका दमात सांगतो: शेवभाजी, पाटोडी, वांगं, फौजदारी डाळ. मेनूकार्ड नाही. जे शे ते शे. भाऊजींना हे आधी ऐकव, कारण त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मेनूत सूपच चौदा आहेत.

पण एक सांगू? पनीरला नावं ठेवायची आपली पुण्या-मुंबईची खोड इथे माझी मोडली. आमच्या शाखेतल्या मावशी मुलाच्या पहिल्या पगाराला सगळ्या घरासह मागच्या हॉलमध्ये जेवायला गेल्या. काय खाल्लं विचारलं तर म्हणाल्या, पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी, जिरा राइस. मी शहाणपणाने म्हटलं, "अहो, इथली शेवभाजी सोडून?" मावशी हसल्या. "भाकरी तं मी रोजच थापस. ती खावाले पैसा कशाले मोजू?" मला उत्तर सुचेना. जिने सहा दिवस चुलीपुढे काढले, तिला सातव्या दिवशी दुसऱ्याने केलेलं आणि घरी न होणारंच हवं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी 'अस्सल' वाटते ती ज्याला ती थापावी लागत नाही त्याला. मार्केटमधल्या शेतकऱ्याला उलट घरच्यासारखं हवं, कारण तो पहाटेपासून घराबाहेर असतो, लिलाव झाला, काटा झाला, हिशेबाची पट्टी हातात पडली की दुपारी दोनला त्याला पोट भरेल असं काहीतरी लागतं. दोघांचंही बरोबर.

म्हणूनच इथे वरण-बट्टीसारखी चीज हॉटेलात क्वचित मिळते. ती लग्नाच्या आदल्या दिवशी, भंडाऱ्यात, शेतात पार्टी असली की. कणीक जाडसर, त्यात ओवा-हळद, गोळे वाफवून कापायचे, तळायचे, वर वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. फुकट आणि आग्रहाने मिळणारी गोष्ट कोण विकत घेईल? खापरावरच्या पुरणपोळीचंही तसंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी होतात, हॉटेलवाल्याने मांडून ठेवल्या तर माणसं बघून पुढे जातील. वर्षातून एकदा सुरत-उधन्याहून आलेली मंडळी मात्र विचारतात, पण ती चार दिवसांची.

आता बँकेच्या खुर्चीतून. कोणाचं खातं काय सांगत नाही, पण वर्षभर कागद पाहिले की चित्र दिसतं. बाजाराच्या गावात हॉटेलचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं. दसरा-दिवाळीपासून कापसाचा पैसा फिरायला लागतो, फेब्रुवारी-मार्चपासून हरभरा-गहू येतो, मग लग्नसराई. आखाजीला सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्यांचं, साल पालटतं, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, आणि मग पाऊस. मृग लागला की शेतकरी बियाणं-खताच्या दुकानात, हॉटेलात नाही. त्यात श्रावण आला की सामिष हॉटेलांचा निम्मा धंदा बसतो. जून ते सप्टेंबर भाडं, वीजबिल आणि आचाऱ्याचा पगार गल्ल्यातून निघत नाही, मागच्या साठ्यातून काढावा लागतो. नवीन माणूस दिवाळीत उद्घाटन करतो, चार महिने गर्दी बघून दुसरा हॉल बांधायला घेतो आणि आषाढात आमच्याकडे हप्ता पुढे ढकलायला येतो.

कर्ज मिळेल, त्याची चिंता नको. मुद्रा योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण घेऊन नीट फेडलं तर २०२४ पासून तरुण प्लसमध्ये २० लाखांची सोय आहे. पण त्यातले किती पैसे पीओपीच्या छतात आणि काचेच्या दारात जाणार आणि किती खेळत्या भांडवलाला उरणार, हे मी त्यांना कागदावर मांडायला लावणार आहे. १९ किलोची निळी टाकी, तेलाचा डबा, बेसन, आचारी: हे रोज खाणारे. छत एकदाच खातं, पण पोटभर खातं.

आणि माणसं. तंदूरवाला बहुधा उत्तर प्रदेशचा. तो गावी गेला की नान बंद, नान बंद म्हणजे मागचा हॉल बंद. शेवभाजीचा वस्ताद इथलाच, त्याच्या हाताखाली बायको किंवा भाऊ तयार असतो. उधारीही तशीच. पुढच्या बाकड्यावरची हमाल-आडत्यांची वही महिन्याला चुकती होते, कारण उद्या परत तिथेच जेवायचंय. मागच्या हॉलमधली पुढाऱ्यांची, कचेरीतल्या साहेबांची पार्टी 'लिहून ठेवा' म्हणते आणि ती लिहिलेलीच राहते. हल्ली क्यूआर कोडमुळे गल्ला खात्यात दिसतो, तेवढी आम्हाला सोय. पूर्वी हॉटेलवाल्याची उलाढाल म्हणजे त्याने सांगितली ती.

तर माझं मत असं, की भाऊजींनी आधी पुढचं हॉटेल काढावं. पारोळ्याला हायवे आहे, बाजार आहे, पाचसहा पदार्थ, एक चांगला वस्ताद, स्वच्छ पाणी. आणि बायकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम, हे मी अर्जावर शेरा म्हणून लिहीन, खरंच. हायवेवरून जाणारी किती कुटुंबं केवळ त्यासाठी पुढच्या गावापर्यंत जातात! मागचा हॉल दोन पावसाळे निभावल्यावर. दोन्ही एकदम काढलेल्यांची मेनूकार्डं लांबलचक असतात आणि शेवभाजीही ग्रेव्हीच्या डब्यातून येते.

थंडीत एक गोष्ट मात्र पुढे-मागे दोन्हीकडे चालते, ती म्हणजे भरीत. आत्ता सुरू झालंय. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण लोक अजूनही 'बामणोदची वांगी' असंच विचारतात. हिरवट-पांढरं, मोठं, बी कमी. गॅसवर नाही भाजत. गेल्या हंगामातल्या कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकतात, त्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात, साल जळते आणि गर नुसता शिजतो. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण यांच्याबरोबर ठेचून वरून तेलात शेंगदाणे, कांद्याची पात. लाल मसाला नाही, टोमॅटो नाही. किलोवर विकतात. गेल्या शनिवारी मागच्या हॉलमधली एक बाई नानबरोबर भरीत खात होती. तिचा नवरा हसत होता, ती खात होती. मावशींचा नियम इथेही मोडत नाही, कारण शहरात फ्लॅटमध्ये काड्या पेटवणार कुठे?

भाऊजींना डिसेंबरात पाठव. त्यांना घेऊन दुपारी दीडच्या सुमारास यार्डाजवळ आणि रात्री आठला हॉलमध्ये बसवते, एकाच दिवशी. स्वतःच मोजू देत ताटं. मंगळवार टाळायला सांग, त्या दिवशी मंगळग्रह मंदिराची गर्दी असते आणि त्यावरून अंदाज बांधला तर फसतील. तूही ये की. बोरिवलीहून भुसावळकडची गाडी धर, नंदुरबारवरून. नाशिकमार्गे आलीस तर चाळीसगावला उतरून एसटीचा खेळ आहे.

येताना मला सुके बोंबील आण, इथे मनासारखे मिळत नाहीत. आईंना नमस्कार, चिनूला पापा. तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे नानांना दोन किलो भरीत सांगून ठेवते.

तुझीच,
मीना